घामाचं फडकं आणि चार क्रियापदं

इफिस शहरातले लोक प्रेषित पौलाच्या अंगाला लागलेली फडकी घरी घेऊन जायचे. ती आजाऱ्याच्या अंगावर टाकली की दुखणं जातं, भूतबाधा उतरते, अशी बोलवा होती. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ही गोष्ट एका वाक्यात येते आणि जाते. त्या वाक्यात फडक्यांसाठी दोन शब्द आहेत, दोन्ही लॅटिनमधून ग्रीकमध्ये शिरलेले. एक ‘सुदारियॉन’, म्हणजे घाम पुसायचं फडकं. दुसरा ‘सिमिकिंथियॉन’, म्हणजे काम करताना कमरेला बांधायचा पंचा. पौलाचा धंदा तंबू शिवण्याचा; त्याच्या दुकानात खुंटीला लटकत असतील असे हे घामट कपडे.

मला ही जागा फार बोलकी वाटते. ख्रिस्ती मत पहिल्या शतकात कसं पसरलं असं विचारलं, की कुणी म्हणतं चमत्कारांमुळे, कुणी म्हणतं प्रवचनांमुळे. दोन्ही खरं आहे, पण दोन्ही घडत होतं ते दुकानात, घरात, जेवणाच्या पंक्तीत. सामर्थ्य पाहून लोक थबकत, शिकवणीने त्या सामर्थ्याचा अर्थ लागे, आणि अर्थ टिकून राही तो कामाधंद्याच्या व घरादाराच्या आधाराने. हे तिन्ही एकमेकांत कसं गुंतलं होतं ते पौलाच्या उदाहरणावरून पाहता येतं, कारण प्रेषितांपैकी त्याच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाचीच उरलेली नाही.

आधी साधनांविषयी थोडं. नव्या करारात पौलाच्या नावावर 13 पत्रं आहेत. त्यांतली 7 त्याचीच, याबद्दल अभ्यासकांचं जवळपास एकमत आहे. ती साधारण इ.स. 50 ते 60 या काळातली. ‘कृत्ये’ हे पुस्तक त्यानंतर काही दशकांनी लिहिलं गेलं आणि परंपरेने ते लूकचं मानलं जातं. लूक गोष्ट रंगवून सांगतो. पौल समजावतो, टोमणे मारतो, चिडतो, मग पुन्हा गोंजारतो. दोघांचं जिथे जुळतं तिथे आपले पाय जमिनीवर असतात. चमत्कार खरोखर घडले का, हा वाद इथे नको. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गलतीया आणि करिंथ इथल्या लोकांना पत्र लिहिताना पौल त्यांनाच आठवण देतो, की तुमच्यात सामर्थ्याची कामं झाली. ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांना असं लिहायची सोय नसते, त्यात करिंथचे लोक तर त्याला शब्दाशब्दावर धरणारे. त्यांना काहीतरी दिसलं होतं, एवढं धरून चालायला हरकत नाही.

शिवाय पौलाला हे सांगण्याची गरजही होती. ‘प्रेषित’ हा मराठी बायबलमधला शब्द ग्रीक ‘अपोस्टोलोस’ला अगदी बरोबर बसतो: निरोप देऊन धाडलेला. येशूच्या बारा शिष्यांना तो मान आपोआप होता. पौल त्या बारांतला नव्हता. उलट आधी तो या पंथाच्या लोकांच्या मागे हात धुऊन लागला होता. त्यामुळे ‘तुला कुणी धाडलं?’ हा प्रश्न त्याच्या मागे जन्मभर राहिला.

तो एखाद्या नव्या शहरात पोचायचा कसा? रस्ते रोमचे होते. अ‍ॅड्रियाटिकच्या किनाऱ्यापासून बायझँटियमपर्यंत जाणारा व्हिया एग्नातिया हा फरसबंद रस्ता इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात बांधला गेला होता. फिलिप्पै आणि थेस्सलनीका ही पौलाची दोन्ही शहरं त्याच रस्त्यावरची. पायी माणूस दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर कापायचा. समुद्र मात्र साधारण नोव्हेंबर ते मार्च बंद. म्हणूनच पौलाच्या पत्रांत हिवाळा कुठे काढायचा याचे बेत दिसतात: सध्या इफिसला आहे, नंतर तुमच्याकडे येईन, जमलं तर हिवाळाही तिथेच काढीन. प्रचाराचं वेळापत्रक देवदूतापेक्षा वाऱ्यावर अधिक अवलंबून होतं म्हणा ना.

शहरात शिरल्यावर पहिला थांबा यहुद्यांचं सभास्थान. तिथे शनिवारी शास्त्रवाचन होई, मग कुणीतरी त्यावर बोले. बाहेरगावचा जाणता माणूस आला असेल तर त्याला बोलायची विनंती होई. म्हणजे जागा, दिवस, श्रोते आणि विषय सगळं तयार. ग्रंथही तयार होता, आणि तोही ग्रीकमध्ये. हिब्रू शास्त्रांचं ग्रीक भाषांतर तोवर यहुदी वस्त्यांमध्ये रुळलेलं होतं, त्यामुळे तार्सचा पौल मासेदोनियात जाऊन तेच वचन उघडून दाखवू शके.

पण खरी मोक्याची मंडळी मागच्या बाजूला बसलेली असत. सभास्थानांत यहुदी नसलेलेही काही लोक येत. त्यांना एकच देव ही कल्पना पटलेली असे, यहुद्यांची नीती आवडलेली असे, पण सुंता करून घेऊन पुरतं यहुदी व्हायला ते कचरत. त्यांना ‘देवभीरू’ म्हणत. आजच्या तुर्कस्तानातल्या अफ्रोदिसियास इथे सापडलेल्या शिलालेखावर अशा पन्नासहून अधिक देवभीरूंची नावं कोरलेली आहेत, काहींची तर धंद्यासकट. शिलालेख पौलानंतरचा आहे, पण माणसांची ही जात त्यातून डोळ्यांसमोर येते. पौलाने त्यांच्यासाठी अट काढून टाकली. येशूवर विश्वास ठेवा, बाप्तिस्मा घ्या, तुम्ही आत. सुंतेची गरज नाही. यावरून यरुशलेममध्ये इ.स. 48-49 च्या सुमारास मोठी बैठक झाली आणि पौलाचं म्हणणं मुख्यतः मान्य झालं. वर्षानुवर्षं उंबरठ्यावर बसलेल्या माणसाला कुणी म्हणावं ‘या, आत या,’ तसं ते होतं.

अर्थातच सभास्थानाच्या चालकांना हे रुचत नसे. काही आठवड्यांत खटका उडे आणि पौल आपला गट घेऊन बाहेर पडे. करिंथमध्ये तर तो बाहेर पडून शेजारच्याच घरात गेला, भिंतीला लागून भिंत. सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प हाही घरच्या सगळ्यांसह त्याच्या बाजूला गेला. शेजाऱ्यांचे संबंध त्यानंतर कसे राहिले असतील याची कल्पना कुणालाही करता येईल.

आता सामर्थ्याकडे येऊ. नुसतं सामर्थ्य दाखवून काय होतं, हे लुस्त्र गावाच्या गोष्टीइतकं स्वच्छ कुठेच दिसत नाही.

लुस्त्र हे आतल्या पठारावरचं गाव. तिथे सभास्थान असल्याचा उल्लेख नाही. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा बोलत असताना एक जन्मापासून पांगळा माणूस ऐकत बसला होता. पौलाने त्याला उभं राहायला सांगितलं आणि तो उडी मारून चालू लागला, असं लूक सांगतो. गर्दी लुकवनी भाषेत ओरडायला लागली की देव माणसाच्या रूपाने खाली उतरले आहेत. बर्णबा म्हणजे ज्यूस. पौल जास्त बोलणारा, म्हणून तो हर्मेस, देवांचा निरोप्या. ज्यूसचा पुजारी बैल आणि हार घेऊन आला. स्थानिक बोली या दोघांना कळत नव्हती, त्यामुळे बैल दिसेपर्यंत काय चाललंय याचा त्यांना पत्ताच नसावा. मग त्यांनी कपडे फाडले, गर्दीत धावत गेले आणि ‘आम्हीही तुमच्यासारखीच माणसं’ म्हणून विनवण्या केल्या.

लोक मूर्ख होते म्हणून हे घडलं नाही. त्या मुलखात ज्यूस आणि हर्मेस यांची जोडीने पूजा होत असल्याचे शिलालेख सापडले आहेत. शेजारच्या फ्रिगियात हेच दोन देव वेश पालटून घरोघरी आसरा मागत फिरले, एका गरीब म्हाताऱ्या जोडप्याखेरीज कुणी दार उघडलं नाही आणि मग बाकीचा सगळा मुलूख पाण्याखाली गेला, अशी कथा होती. रोमन कवी ओव्हिडने ती या घटनेच्या चाळीसेक वर्षं आधीच काव्यात आणली होती. आता सांगा, दारात पुन्हा तसेच दोघे उभे राहिले, त्यातल्या एकाने पांगळ्याला चालवलं, तर शहाणा माणूस बैल आणणार नाही तर काय करणार? चमत्कार स्वतःहून काही सांगत नाही. पाहणाऱ्याच्या डोक्यात जी गोष्ट आधीपासून असते तिच्यात तो जाऊन बसतो. लुस्त्रात येशूची गोष्ट अजून कुणाच्या डोक्यात नव्हतीच.

पौलाने तिथे घाईघाईत केलेलं भाषणही पाहण्यासारखं आहे. त्यात ना मोशे, ना दावीद, ना संदेष्टे. पाऊस कोण पाडतो, पिकं कोण देतो, पोट कोण भरतो, एवढंच. शास्त्र न वाचलेल्या श्रोत्यांसाठी त्याने धडा पार पहिलीपासून सुरू केला. तरी जमलं नाही. थोड्याच दिवसांत बाहेरून आलेल्या विरोधकांनी तीच गर्दी फितवली, तिने पौलाला दगडांनी ठेचलं आणि मेला समजून गावाबाहेर फरफटत नेऊन टाकलं. बैल आणि दगड यांत फारसं अंतर नव्हतं.

करिंथमध्ये त्याने घाई केली नाही. हे शहर रोमन सैन्याने इ.स.पूर्व 146 मध्ये उद्ध्वस्त केलं होतं आणि ज्युलियस सीझरने इ.स.पूर्व 44 मध्ये ते पुन्हा वसवलं. वसाहतीला आलेल्यांत गुलामीतून मुक्त झालेल्यांचा भरणा मोठा. दोन समुद्रांवर दोन बंदरं, मधे हे शहर: पैसा खेळता, माणसं नवी, घराण्याचा तोरा कमी. पौल इथे दीड वर्ष राहिला. नक्की केव्हा, तेही सांगता येतं, आणि हे भाग्य प्राचीन इतिहासात क्वचित लाभतं. विरोधकांनी त्याला प्रांताधिकारी गल्लियोपुढे उभं केलं, तेव्हा गल्लियोने ‘हा तुमच्या शब्दांचा आणि तुमच्या नियमशास्त्राचा वाद, तुमचं तुम्ही पाहा’ अशा अर्थाचं उत्तर देऊन सगळ्यांना हाकलून लावलं. हा गल्लियो तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. डेल्फी इथे सापडलेल्या शिलालेखाच्या तुकड्यांत सम्राट क्लॉडियसच्या पत्रात त्याचं नाव येतं आणि त्यावरून त्याचा कारभार इ.स. 51-52 च्या आसपासचा ठरतो. पौलाच्या आयुष्यातल्या बाकीच्या तारखा या एका खुंटीला टांगून काढल्या जातात.

करिंथमध्ये त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं भेटलं. अक्विल्ला मूळचा काळ्या समुद्रावरच्या पंत प्रांतातला. दोघं रोममध्ये स्थायिक झाले होते, पण क्लॉडियसने यहुद्यांना रोमबाहेर काढलं तेव्हा तेही निघाले. धंदा तंबू करण्याचा, पौलाचाही तोच. तो त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर कामाला बसला.

हे दुकान जरा नीट पाहू या. करिंथच्या उत्खननात बाजारालगतच्या दुकानांचे गाळे सापडले आहेत: सुमारे चार मीटर खोल, रुंदीला त्याहून थोडे कमीच, समोरून सताड उघडे. तंबू शिवायला आरी, रापी, सुया, दोरा आणि मांडीवर घ्यायला कातडं किंवा जाडभरडं कापड, एवढं पुरे. ऐरण नाही, भट्टी नाही, घणाचे आवाज नाहीत. हात चालू असतात आणि तोंड मोकळं असतं. गिऱ्हाईक आपलं फाटकं छत घेऊन येतं, शिवून होईपर्यंत बसतं. शेजारचा दुकानदार डोकावतो. बोलणं सुरू व्हायला निमित्त शोधावं लागत नाही, आणि कुणाला भर चौकात उभं राहून ‘मी तुमच्या पंथात येऊ का?’ असं विचारावं लागत नाही. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात, जे बहुतेक करिंथमधूनच लिहिलं गेलं, पौल आठवण देतो की कुणावर भार नको म्हणून आम्ही रात्रंदिवस कष्ट करत तुम्हाला उपदेश केला. काम आणि उपदेश एकाच वाक्यात, कारण ते एकाच बैठकीत होत असत.

यात प्रतिष्ठेचा प्रश्नही होता. त्या काळचे फिरते वक्ते भाषणाचे पैसे घेत किंवा एखाद्या श्रीमंताच्या आश्रयाला राहत. हाताने काम करणं त्यांना कमीपणाचं वाटे. पौलाने करिंथमध्ये पैसे नाकारले आणि करिंथचे लोक चक्क दुखावले, कारण फिलिप्पैकरांची मदत त्याने घेतली होती. मला वाटतं, त्याचा हिशेब साधा होता: करिंथमध्ये ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या गटाचा शिक्का बसला असता. तिथे गटबाजी आधीच माजलेली होती. एक म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी अपुल्लो या उपदेशकाचा, तिसरा म्हणे मी केफाचा, म्हणजे बारांतल्या पेत्राचा.

दुकानात बोलणं सुरू झालं, पुढे काय शिकवायचं? लांबलचक तत्त्वज्ञान मांडायला वेळ नव्हता आणि ऐकणाऱ्यांत वाचता येणारे दहातले एखाददुसरे. इथे ती चार क्रियापदं येतात. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुमच्या हवाली केलं, आणि मग एक सूत्र देतो. त्याचा कणा इतकाच: मेला, पुरला गेला, उठवला गेला, दिसला. मेला आणि उठवला गेला या दोन्हींना ‘शास्त्राप्रमाणे’ हा आधार जोडलेला. ‘दिसला’पुढे साक्षीदारांची यादी: केफा, मग बारा जण, मग पाचशेहून जास्त बंधू, त्यांतले बरेचसे अजून हयात आहेत असा शेरा, मग याकोब, मग सगळे प्रेषित.

‘मिळालं’ आणि ‘हवाली केलं’ ही जोडी यहुदी गुरुशिष्यांच्या व्यवहारातली आहे. गुरूकडून तोंडी आलेलं जसंच्या तसं पुढे द्यायचं, त्याची ही परिभाषा. यादीत पेत्राचं नाव ‘केफा’ असं आहे, म्हणजे अरामी. ग्रीक बोलणाऱ्या करिंथमध्ये अरामी नाव टिकलं, कारण सूत्रच वरून तसं आलं होतं. त्याच पत्राच्या शेवटी ‘मारानाथा’ हाही अरामी शब्द तसाच आहे. पाठांतरात भाषांतर घुसायला वेळ लागतो, हे आपल्याकडे लहानपणी अर्थ न कळता स्तोत्रं म्हटलेल्यांना सांगायला नको. चार क्रियापदं गुलाम पाणी भरताना म्हणू शकतो, खलाशी होडीत म्हणू शकतो, बाई जात्यावर बसून म्हणू शकते. आणि कुणी पांगळा चालला तर आता लोकांच्या डोक्यात एक गोष्ट तयार असते, जिच्यात ते चालणं बसवायचं: जो उठवला गेला त्याच्या नावाने हा उठला. लुस्त्रात नेमकं हेच नव्हतं.

मग घर. ग्रीकमध्ये ‘ओइकोस’ म्हणजे नवराबायको आणि मुलं एवढंच नव्हे. दास, मुक्त केलेले दास, आश्रित, कामकरी असा सगळा गोतावळा त्यात येई. फिलिप्पैत जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया नदीकाठी पौलाचं बोलणं ऐकते आणि तिच्या घरच्या सर्वांचा बाप्तिस्मा होतो. करिंथमध्ये स्तेफनाच्या घराण्याचं तसंच. एक कर्ता माणूस वळला की अख्खं घर वळलं. त्यात दासांना कुणी विचारत असेल का, अशी शंका येतेच. पण फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रातून दिसतं की नेहमी असं होत नसे. फिलेमोनाच्या घरी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांची सभा, जमत असे, तरी त्याचा दास अनेसिम तिथे विश्वासात आला नाही. तो आला पौलाकडे, तुरुंगात. म्हणजे घरात प्रार्थना चालत असूनही स्वयंपाकघरातला माणूस बाहेरचा राहू शकत होता.

घर मिळाल्याने घराच्या अडचणीही मिळाल्या. जेवणाच्या खोलीत तीन कोचांवर साधारण नऊ माणसं मावत, बाकीची चौकात. सधन लोक लवकर येऊन जेवून-पिऊन घेत. दिवसभर राबून येणाऱ्यांना काहीच उरत नसे. पौल यावर फार चिडला आहे. त्याच पत्रात तो सभेचे नियम घालतो: आत्म्याच्या भरात कुणी अगम्य भाषेत बोलणार असेल तर दोघे, फार तर तिघे, एकानंतर एक, आणि अर्थ सांगणारा असेल तरच, नसेल तर त्याने गप्प बसावं. अर्थाशिवाय आवेश नको, हे लुस्त्रात शिकलेलं इथे नियम होऊन आलं असं मला वाटतं.

हे सगळं आपल्याला कळतं ते पत्रांमुळे. मराठी बायबलने त्यांची नावं झकास केली आहेत: रोमकरांस, करिंथकरांस, इफिसकरांस, जणू सातारकर आणि नागपूरकर. पण त्या काळच्या पत्रांच्या मानाने ही पत्रं राक्षसी होती. इजिप्तच्या वाळूत सापडलेली घरगुती पत्रं बहुधा एका पानात संपतात. फिलेमोनाचं पत्र साडेतीनशेच्या आत शब्दांचं, पण रोमकरांसचं सुमारे सात हजारांचं. ते पौलाने सांगितलं आणि तर्तिय नावाच्या लेखनिकाने उतरवलं. शेवटी तर्तिय मधेच स्वतःचाही नमस्कार सांगून घेतो. गलतीकरांच्या पत्रात पौल स्वतः बोरू हातात घेतो आणि बघा मी केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितोय, असं म्हणतो.

सरकारी टपाल फक्त सरकारी कामासाठी. खासगी पत्र जाई ते त्या दिशेने निघालेल्या माणसाबरोबर. रोमचं पत्र बहुधा फिबीने नेलं; ती करिंथच्या पूर्वेकडच्या किंख्रिया बंदरातली. पौल तिला तिथल्या मंडळीची ‘दियाकोनोस’, म्हणजे सेविका म्हणतो आणि बऱ्याच जणांची, स्वतःचीही, आश्रयदाती म्हणतो. पत्र पोचवणारा नुसता हमाल नसे. पत्र सगळ्यांसमोर वाचलं जाई, मग प्रश्न येत, आणि पौलाच्या मनात काय होतं ते सांगायला समोर तीच व्यक्ती असे. रोमकरांसच्या पत्रात अडणाऱ्या जागा आजही पुष्कळ आहेत; त्या पहिल्यांदा उलगडून सांगण्याची पाळी एका बाईवर आली असावी.

इफिसमध्ये ही सगळी यंत्रं एकाच वेळी चालू दिसतात. सभास्थानात तीन महिने, मग खटका, मग तुरन्न नावाच्या माणसाचं पाठशाळेचं दालन, तिथे रोज, दोन वर्षं. काही हस्तलिखितांत वेळही दिली आहे: पाचव्या तासापासून दहाव्यापर्यंत, म्हणजे सकाळी 11 ते दुपारी 4. भर उन्हाची, जेवणानंतर आडवं होण्याची ही वेळ, जिचं पावित्र्य पुणेकरांना समजावायला नको. दालन तेव्हा रिकामं मिळत असणार. सकाळी आपलं काम, दुपारी शिकवणं, त्याच घामाच्या फडक्यानिशी. ऐकणारे आपापल्या गावी परतत. आतल्या खोऱ्यातल्या कलस्सै गावची मंडळी एपफ्रास नावाच्या माणसाने उभी केली. तिथल्या लोकांनी पौलाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

पण इफिस हे मंत्रतंत्राचं शहर होतं. ‘इफिसची अक्षरं’ म्हणून सहा निरर्थक शब्द तोडग्यासाठी दूरवर प्रसिद्ध होते. अशा ठिकाणी येशूचं नावही एक जालीम मंत्र समजलं जाणं ओघानेच आलं. स्किवा नावाच्या यहुदी याजकाच्या सात मुलांनी ते नाव वापरून भूत काढायला घेतलं. येशूला ओळखतो, पौलही माहीत आहे, पण तुम्ही कोण, असं विचारून त्या झपाटलेल्याने सातही जणांना बदडलं. ते उघडेनागडे पळाले. लूकला हे लिहिताना मजा आली असणार. (मंत्रवाल्यांनी धडा घेतला नाही. चौथ्या शतकातल्या एका मोठ्या जादूच्या पोथीत हिब्रूंचा देव येशू याच्या नावाने शपथ घालण्याचा विधी आहे.) शोमरोनमधल्या शिमोन जादूगाराने पेत्राला पैसे देऊन हे सामर्थ्य विकत मागितलं, तोही याच समजुतीतला.

या फजितीनंतर लोकांनी जादूच्या पोथ्या आणून जाळल्या. किंमत काढली तर 50,000 रौप्य नाणी. एक नाणं म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी, तेव्हा एका मजुराला ती रक्कम कमवायला रोज काम करून 137 वर्षं लागली असती. मला आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट अडवते. पोथ्या आणणारे आधीच विश्वासात आलेले होते, असं लूक म्हणतो. म्हणजे पौलाचं ऐकत असतानाही त्यांनी पोथ्या घरात जपून ठेवल्या होत्या, असू दे, कधी लागलंच तर. शिकवण डोक्यात जायला एक दिवस पुरतो, कपाटापर्यंत पोचायला फार वेळ लागतो.

आणि कपाटापर्यंत पोचली की बाजारात कळतं. अर्तमी देवीची चांदीची देव्हारी करणारा देमेत्रिय कारागिरांना जमवतो आणि आधी धंदा बुडाल्याचं सांगतो, देवीच्या अपमानाचं नंतर. गर्दी सुमारे 25,000 माणसं मावणाऱ्या नाट्यगृहात घुसून दोन तास ओरडत राहते. नगरलेखक त्यांना शांत करतो: तक्रार असेल तर न्यायालयं उघडी आहेत. फिलिप्पैतही तेच झालं होतं. भविष्य सांगणाऱ्या दासीतला आत्मा पौलाने काढला, धन्यांची कमाई बुडाली आणि पौल व त्याचा सोबती सीला फटके खाऊन तुरुंगात गेले.

पौलाने सामर्थ्याला स्वतः कुठल्या पायरीवर ठेवलं, तेही त्याने लिहून ठेवलं आहे. मंडळीतल्या कामांची यादी देताना तो क्रमांक घालतो: पहिले प्रेषित, दुसरे संदेष्टे, तिसरे शिक्षक; चमत्कार आणि रोग बरे करण्याची देणगी त्यांच्यानंतर. आणि ज्याच्या फडक्यांनी दुखणी जातात असं लोक म्हणत, त्याचं स्वतःचं एक जुनं दुखणं, ज्याला तो देहातला काटा म्हणतो, तीनदा प्रार्थना करूनही गेलं नाही. हे त्याने करिंथकरांना सांगून टाकलं. लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

इ.स. 112 च्या सुमारास धाकटा प्लिनी बिथुनिया आणि पंत या प्रांताचा कारभार पाहत होता. पंत म्हणजे अक्विल्लाचा मुलूख. ख्रिस्ती म्हणून धरून आणलेल्यांचं काय करायचं हे त्याला कळेना, तेव्हा त्याने सम्राट त्राजानला पत्र लिहिलं. हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, नंतर साधं जेवण जेवतात. त्याने दोन दासींना छळून चौकशी केली. त्या मंडळीच्या सेविका होत्या; प्लिनीचा शब्द हा फिबीला पौलाने लावलेल्या शब्दाचाच लॅटिन प्रतिशब्द. हे लोण शहरांतच नाही तर खेड्यांत आणि शेतवाड्यांतही गेलं आहे, असं तो लिहितो. त्याच्या पत्रात ना कुणी प्रेषित आहे, ना कुठला चमत्कार.

मात्र आपल्या कडक उपायांनी देवळं पुन्हा भरू लागली, हे सांगताना त्याने एक तपशील दिला आहे: बळीच्या मटणाला आतापर्यंत गिऱ्हाईक क्वचितच मिळत होतं, आता ते सगळीकडे विकलं जातंय. पौलाने करिंथकरांना सल्ला दिला होता की बाजारात मिळणारं मटण कुठून आलं याची चौकशी न करता खा. पंतातलं गिऱ्हाईक साठेक वर्षांनंतरही चौकशी करूनच घेत होतं, असं दिसतं.